कॉल फसला, कारण सांगा : सी प्रोग्रॅममधील त्रुटी-संदेशांविषयी वाचकांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांकडून या वेळी आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत. सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमकडे काही मागितले आणि ती मागणी नाकारली गेली, तर प्रोग्रॅमने वापरणाऱ्याला नेमके काय सांगावे, असा तो विषय आहे. पाठ्यपुस्तकांत तो एखाद्या परिच्छेदात आटोपतो. प्रत्यक्ष कामात मात्र त्यापायी माणसांच्या रात्री जातात, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. उत्तरे लिनक्स आणि त्यावरची सी भाषेची प्रचलित लायब्ररी जीलिबसी समोर धरून लिहिली आहेत. इतर प्रणालींवर फरक पडतो तेथे तसे नमूद केले आहे.

प्रश्न : मी महापे एमआयडीसीतील एका लहान कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करतो. आमचा सी प्रोग्रॅम ट्रकच्या वजनकाट्यावर चालतो. काट्याच्या इंडिकेटरकडून तो सिरियल केबलने वजन घेतो आणि प्रत्येक पावतीची नोंद फाइलमध्ये लिहितो. तुर्भे आणि उरणच्या बाजूच्या गोदामांवर हे काटे बसवलेले आहेत. काही बिघडले की पडद्यावर ‘फाइल एरर’ एवढेच उमटते आणि काट्यावरचा माणूस रात्री-अपरात्री फोन करतो. हाच मजकूर प्रोग्रॅममध्ये अनेक ठिकाणी असल्यामुळे फोनवरून काहीच उलगडत नाही आणि दर वेळी जागेवर जावे लागते. संदेश कसे लिहावेत, याचे मार्गदर्शन करावे. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपला त्रास बहुतांश दूर होईल, असा बदल फार मोठा नाही. सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) केलेली मागणी, फसतो तेव्हा तीन गोष्टी ठाऊक असतात : प्रोग्रॅम कोणते काम करू पाहत होता, ते कोणत्या वस्तूवर करू पाहत होता, आणि कर्नलने कोणत्या कारणाने नकार दिला. ‘फाइल एरर’ या मजकुरात या तिन्हींपैकी एकही नाही. पहिल्या दोन गोष्टी फक्त आपल्या प्रोग्रॅमला माहीत असतात आणि तिसरी कर्नल क्रमांकाने सांगतो, तो क्रमांक लायब्ररी एर्नो या चलात ठेवून देते. तिन्ही एकत्र येण्याची संधी कॉल फसल्याच्या त्या क्षणीच असते, आणि प्रोग्रॅम बंद झाला की ती माहिती कायमची जाते. काट्यावरचा माणूस ती नंतर कितीही प्रयत्न केला तरी सांगू शकत नाही.

इंडिकेटरचे पोर्ट उघडण्याचाच प्रसंग घ्या. ओपन कॉलने उणे एक, म्हणजे अपयशाची खूण, परत दिल्यावर प्रोग्रॅमने असे लिहिले, असे समजा : ‘वजनकाटा: इंडिकेटरचे पोर्ट “/डेव्ह/टीटीवाययूएसबी०” उघडता आले नाही: परमिशन डिनाइड’. हे वाक्य फोनवर वाचून दाखवले की आपल्याला जागच्या जागी कळते की केबल जोडलेली आहे, उपकरण कर्नलला दिसते आहे, पण प्रोग्रॅम ज्या खात्याखाली चालतो त्याला ते वापरण्याची परवानगी नाही. डेबियन आणि उबुंटूवर सिरियल पोर्ट ‘डायलआउट’ या गटाच्या मालकीचे असतात, तेव्हा ते खाते त्या गटात घालून पुन्हा लॉगिन करायला सांगितले की काम होते. त्याच ठिकाणी शेवटचे शब्द ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे असते, तर निदान पूर्ण वेगळे झाले असते : यूएसबी अडॅप्टर निसटला आहे, किंवा पुन्हा जोडताना त्याला शून्याऐवजी एक क्रमांक मिळाला आहे. दुसरी शक्यता आपल्याकडे वारंवार येत असेल, तर ‘/डेव्ह/सिरियल/बाय-आयडी’ खालचे स्थिर नाव वापरावे. आणि ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असे आले असते, तर दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने ते पोर्ट आधीच स्वतःसाठी राखून ठेवले आहे, असा संशय घ्यायला जागा झाली असती. तिन्ही वेळा उपाय निराळा आहे आणि तिन्ही वेळा आजचा संदेश ‘फाइल एरर’ हाच आहे.

नाव अवतरणचिन्हांत ठेवले आहे, ते शोभेसाठी नव्हे. पोर्टचे नाव सेटिंगच्या फाइलमधून एफगेट्सने वाचले असेल, तर ओळीच्या शेवटचे नवओळ-चिन्ह त्या नावाला चिकटून येते, आणि मग अस्तित्वात असलेले पोर्टही ‘नो सच फाइल’ ठरते. संदेशात अवतरणचिन्हे असली की बंद होणारे चिन्ह पुढच्या ओळीवर जाऊन पडते आणि दोष डोळ्यांना दिसतो. सेटिंग रिकामी राहिली असेल, तर दोन चिन्हांमध्ये काहीच दिसत नाही, आणि तेही निदानच असते. ही चिन्हे नसतील, तर अशा दोषावर तासन्‌तास जातात, हे मी इतरांच्या कामात अनेकदा पाहिले आहे.

हा संदेश तयार करण्यासाठी बहुतेक जण प्रथम पीएरर या फंक्शनकडे वळतात. त्याला एक मजकूर दिला की तो मजकूर, अपूर्णविराम आणि कारण असे स्टँडर्ड एररवर (त्रुटी-संदेशांसाठीच्या वेगळ्या वाटेवर) छापतो. त्याची अडचण अशी की पुष्कळ प्रोग्रॅमर त्याला ‘ओपन’ एवढाच शब्द देतात. परिणामी ‘ओपन: परमिशन डिनाइड’ असे उमटते आणि कोणती फाइल ते कळतच नाही. कॉलचे नाव प्रोग्रॅमरच्या उपयोगाचे असते, वस्तूचे नाव सर्वांच्या. म्हणून मजकूर लिहिणारे एफप्रिंटएफ आणि एर्नोचा क्रमांक शब्दांत सांगणारे स्ट्रएरर यांची जोडी अधिक बरी; तिच्यात प्रोग्रॅमचे नाव, काम, वस्तू आणि शेवटी स्ट्रएररने दिलेले कारण असा मजकूर आपल्याला हवा तसा बांधता येतो. जीलिबसीच्या प्रिंटएफमध्ये ‘टक्का-एम’ हे चिन्ह कारणाचा मजकूर आपणहून घालते. ही सोय मुळात सिसलॉग या नोंदी करणाऱ्या फंक्शनची आहे आणि मसल या दुसऱ्या सी लायब्ररीतही चालते, पण सी भाषेच्या मानकात ती नाही, त्यामुळे मॅकवर तोच कोड चालवायचा असेल तर तिच्यावर विसंबू नये. बीएसडी या युनिक्स-घराण्यातील प्रणालीकडून आलेली ‘एर’ आणि ‘वॉर्न’ ही फंक्शन्स लिनक्सवरही मिळतात. पहिले संदेश छापून प्रोग्रॅम थांबवते, दुसरे छापून पुढे जाऊ देते. लहान प्रोग्रॅमला मी तीच सुचवीन.

आपल्या प्रोग्रॅममध्ये मात्र स्वतःचे एक छोटे फंक्शन लिहावे आणि सर्व ठिकाणांहून तेच बोलवावे. त्याच्या पहिल्याच ओळीत एर्नोची प्रत स्थानिक चलात घ्यावी, मग वेळ, प्रोग्रॅमचे नाव, दिलेला मजकूर आणि त्या प्रतीवरून काढलेले कारण लिहावे. प्रत का घ्यावी, ते पुढच्या उत्तरात येईल.

संदेश कोणत्या थरात छापावा, याचाही विचार करा. पोर्ट उघडणारे खालचे फंक्शन हे पोर्ट कशासाठी हवे आहे ते जाणत नाही. ते जाणणारे वरचे फंक्शन असते. म्हणून खालच्याने अपयश कारणासह वर पाठवावे आणि ज्याला हेतू माहीत आहे त्याने एकदाच बोलावे. प्रत्येक थराने आपापली ओळ छापली, तर एका अपयशाच्या चार ओळी होतात आणि वाचणाऱ्याला चार वेगळे बिघाड झाल्यासारखे वाटते. कामात दोन वस्तू गुंतलेल्या असतील, उदाहरणार्थ रीनेममध्ये, तर दोन्ही नावे लिहावीत. पासवर्ड आणि तत्सम मजकूर मात्र संदेशात कधीही येऊ देऊ नये, कारण लॉगची फाइल पुढे कोणाकोणाच्या हाती जाते, यावर आपले नियंत्रण राहत नाही.

आता पावतीच्या नोंदीविषयी, कारण मला खरी काळजी तिचीच वाटते. आपण एफप्रिंटएफने नोंद लिहून पुढे जात असाल, तर लक्षात घ्या की त्या क्षणी मजकूर बहुधा प्रोग्रॅमच्या बफरमध्येच, म्हणजे मेमरीतील तात्पुरत्या साठ्यातच, असतो. डिस्क भरलेली असेल तर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ हे उत्तर बफर रिकामा करणाऱ्या एफफ्लशच्या किंवा फाइल बंद करणाऱ्या एफक्लोजच्या वेळी येते, आणि एफक्लोजचा निकाल तपासणारे प्रोग्रॅम दुर्दैवाने कमीच असतात. राइट कॉल थेट वापरत असाल, तर तो मागितल्यापेक्षा कमी बाइट लिहून यशस्वीपणे परतू शकतो. त्याला अपयश म्हणता येत नाही आणि एर्नोमध्येही काही ठेवले जात नाही, तेव्हा उरलेला भाग पुन्हा लिहायला लावणे हे आपलेच काम आहे. वीज गेली तरी पावती राहायला हवी असेल, तर मजकूर डिस्कवर पोहोचवणारे एफसिंक करावे आणि त्याचाही निकाल पाहावा. एफसिंक एकदा फसल्यावर तोच पुन्हा केला आणि तो यशस्वी झाला, तर लिनक्सवर त्याचा अर्थ आधीची माहिती डिस्कवर पोहोचली असा होत नाही, कारण न लिहिली गेलेली मेमरीतील पानेही (माहितीचे ठोकळे) कर्नलने स्वच्छ, म्हणजे लिहून झालेली, म्हणून नोंदलेली असू शकतात. अशा वेळी नोंद मुळापासून पुन्हा लिहावी, किंवा काम थांबवून पावती क्रमांकासह स्पष्ट संदेश द्यावा. ट्रक गेटबाहेर गेल्यावर त्याचे वजन पुन्हा घेता येत नाही.

संदेश स्टँडर्ड आउटपुटवर न लिहिता स्टँडर्ड एररवर लिहावेत, हेही सांगून ठेवतो. आउटपुट फाइलकडे वळवलेले असते तेव्हा ते बफरमध्ये साठत राहते आणि प्रोग्रॅम अचानक कोसळला तर शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा मजकूरच हरवतो. प्रोग्रॅम सिस्टिमडी या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेखाली चालत असेल, तर स्टँडर्ड एररवरचा मजकूर मुळातच तिच्या जर्नल या नोंदवहीत जातो आणि दुसऱ्या दिवशीही वाचता येतो.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. माझ्या प्रकल्पात पीएरर कधी ‘सक्सेस’ असे छापतो, तर कधी ‘इनॲप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस’ असे छापतो, आणि दोन्हींचा माझ्या चुकीशी संबंध दिसत नाही. एर्नोवर विश्वास ठेवावा की नाही? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : एर्नोवर विश्वास ठेवावा, पण त्याची मुदत फार थोडी असते, हे जाणून. लिनक्स कर्नल अपयशाचे कारण ऋण संख्येच्या रूपाने परत देतो. उणे एक ते उणे ४०९५ या पट्ट्यातील उत्तर आले, तर लायब्ररी त्याचे चिन्ह बदलून ती संख्या एर्नोमध्ये ठेवते आणि आपल्याला उणे एक देते. कॉल यशस्वी झाला तर एर्नो शून्य केला जात नाही. तेथे पूर्वीचेच काहीतरी राहते, आणि यशस्वी झालेले लायब्ररी फंक्शनही आतल्या आत त्यात बदल करू शकते. म्हणून आधी परत आलेले मूल्य तपासायचे, ते अपयश सांगत असेल तरच एर्नोकडे पाहायचे, आणि तेही मध्ये दुसरे कोणतेही फंक्शन न बोलावता.

आपला दुसरा संदेश बहुधा याच कारणाने आला आहे. ‘इनॲप्रोप्रिएट आयऑक्टल’ म्हणजे क्रमांक २५. आउटपुट टर्मिनलवर जाते आहे की फाइलमध्ये, हे इज-ए-टीटीवाय फंक्शन विचारते तेव्हा उत्तर ‘टर्मिनल नाही’ असे असल्यास तो क्रमांक एर्नोमध्ये राहतो. संदेश रंगीत छापावा की साधा, हे ठरवण्यासाठी आपण ते फंक्शन पीएररच्या आधी बोलावत असाल, तर खरे कारण तेथेच पुसले जाते. साफसफाईचेही तसेच आहे. फाइल उघडणे फसल्यावर आधी दुसरी फाइल बंद केली आणि तो क्लोज फसला, तर शेवटी ‘बॅड फाइल डिस्क्रिप्टर’ असे छापले जाईल आणि आपण भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसाल. कॉल फसताच पुढच्याच ओळीत एर्नोची प्रत घ्या आणि पुढे फक्त ती प्रत वापरा, म्हणजे अशा चुकांचा हा सगळा वर्ग संपतो. सिग्नल हँडलर (सिग्नल येताच मध्येच चालणारे फंक्शन) लिहीत असाल, तर त्याने आत शिरताना एर्नो जपून ठेवावा आणि बाहेर पडताना परत ठेवावा. थ्रेडबद्दल (एका प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांबद्दल) काळजी नसावी, कारण प्रत्येक थ्रेडचा एर्नो स्वतंत्र असतो.

‘सक्सेस’चा उगम वेगळा आहे. एर्नो शून्य असताना जीलिबसी तो शब्द छापते, म्हणजे जे फंक्शन फसले ते एर्नोमध्ये काही लिहीतच नाही. थ्रेड हाताळणाऱ्या पीथ्रेड घराण्यातील फंक्शन्स त्रुटीचा क्रमांक थेट परतीच्या मूल्यात देतात, तेव्हा स्ट्रएररला ते मूल्यच द्यायला हवे. नेटवर्कवरील नावाचा पत्ता शोधणाऱ्या गेटॲड्रइन्फोचे क्रमांक निराळे आहेत आणि त्यांचा मजकूर गाय-स्ट्रएररकडून घ्यावा लागतो. फक्त ‘ईएआय-सिस्टिम’ असे उत्तर आले, तरच एर्नो पाहायचा. चालू प्रोग्रॅममध्ये लायब्ररी जोडणाऱ्या डीएलओपनचे कारण डीएलएरर सांगते. फाइल संपल्यामुळे एफरीडने कमी वाचले, तर तेथे त्रुटीच नाही, आणि संदेशात ‘फाइल अपेक्षेपेक्षा लवकर संपली’ असे आपल्या शब्दांत लिहावे लागते. आपल्या प्रकल्पात थ्रेड असतील, तर मी पहिल्यांदा तेथे पाहीन.

काही फंक्शन्सच्या बाबतीत परतीचे मूल्य एकटे पुरत नाही. डिरेक्टरीतील नावे वाचणारे रीडडिर नल (रिकामा पत्ता) देते ते यादी संपल्यावरही आणि अपयशानंतरही. प्रोसेसचा अग्रक्रम सांगणाऱ्या गेटप्रायॉरिटीचे उणे एक हे खरेखुरे उत्तर असू शकते. संख्या मावली नाही म्हणून, मजकुराची संख्या करणाऱ्या स्ट्रटोएलने दिलेले कमाल मूल्य खरे कमाल मूल्यही असू शकते. या ठिकाणी कॉलच्या आधी एर्नो स्वतः शून्य करून ठेवावा आणि नंतर तो बदलला का ते पाहावे.

स्ट्रएररने दिलेला मजकूर जपून ठेवायचा असेल तर त्याची नक्कल करून घ्या, कारण पुढच्या बोलावण्याने तो पुसला जाऊ शकतो. बफर आपण द्यायचा अशा स्ट्रएरर-आरचे लिनक्सवर दोन अवतार आहेत : पॉसिक्स मानकाचा अवतार संख्या परत देतो, जीएनयूचा मजकुराचा पत्ता देतो आणि आपण दिलेल्या बफरला तो कधीकधी हातही लावत नाही. कोणता मिळतो हे कंपाइल करतानाच्या व्याख्यांवर ठरते, म्हणून कंपायलरच्या या ओळीवरील सूचनेकडे दुर्लक्ष करू नये.

प्रश्न : आमच्या वागळे इस्टेटमधील कार्यालयात मी सर्व्हर सांभाळतो. संदेश मिळतो, पण तो चुकीचा वाटतो. फाइल समोर दिसत असताना ‘नो सच फाइल’, डिस्कवर जागा असताना ‘नो स्पेस लेफ्ट’. प्रोग्रॅमरने यात काही करणे शक्य आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : शक्य आहे, आणि आपल्यासारख्या माणसाने ते मागून घ्यावे. कर्नलकडे नकाराची मोजकी कारणे आहेत आणि एकेका कारणाखाली अनेक परिस्थिती येतात. मजकूर एकाच परिस्थितीचे वर्णन करतो, इतकेच.

स्क्रिप्ट चालवताना ‘नो सच फाइल’ येते तेव्हा स्क्रिप्ट असते, पण तिच्या पहिल्या ओळीत ज्या इंटरप्रिटरचे (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे) नाव आहे तो नसतो. विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टच्या ओळींच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह असते, ते इंटरप्रिटरच्या नावाला चिकटते आणि तसा इंटरप्रिटर कोठेच सापडत नाही. ३२ बिटचा प्रोग्रॅम ६४ बिटच्या यंत्रणेवर चालवला आणि त्याचा लोडर (त्याला मेमरीत घेऊन सुरू करणारा प्रोग्रॅम) बसवलेला नसला, तरी हेच उत्तर मिळते. सिंबॉलिक लिंक असते पण ती जिकडे बोट दाखवते ती फाइल नसते, तेव्हाही एलएसच्या यादीत नाव दिसते आणि ओपन नकार देतो. नवी फाइल तयार करताना हेच आले, तर वाटेतील एखादी डिरेक्टरी नाही, असे समजावे.

जागेच्या बाबतीत प्रथम ‘डीएफ’ला ‘आय’ हा पर्याय देऊन आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलसाठी लागणाऱ्या नोंदी, पाहावेत. लहान-लहान फाइल्सचा ढीग झाला की जागा उरते पण आयनोड संपतात. फाइलवर नजर ठेवणारे आयनोटिफाय वापरणारे प्रोग्रॅम नजर ठेवण्याची मर्यादा ओलांडली गेली की ‘नो स्पेस लेफ्ट’ हेच उत्तर (क्रमांक २८) देतात, आणि त्याचा डिस्कशी काडीमात्र संबंध नसतो. मर्यादा ‘मॅक्स-यूजर-वॉचेस’ या सेटिंगमध्ये असते. येथे प्रोग्रॅमर नेमके काय करू शकतो, ते स्पष्ट दिसते : त्याने ‘“/सर्व्हर/डेटा” या डिरेक्टरीवर नजर ठेवता आली नाही’ असे काम लिहिले असते, तर आपण डिस्क मोजत बसला नसता.

परवानगीची दोन कारणे एकमेकांत मिसळू नयेत. क्रमांक १३, ‘परमिशन डिनाइड’, हा बहुधा फाइलच्या किंवा वाटेतील एखाद्या डिरेक्टरीच्या परवानग्यांचा प्रश्न असतो. वरच्या डिरेक्टरीवर ‘एक्स’ परवानगी नसेल, तर खालची फाइल सर्वांना खुली असूनही पोहोचता येत नाही. एसई-लिनक्स या ज्यादा सुरक्षा-यंत्रणेचा नकारही याच क्रमांकाने येतो. क्रमांक १, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’, हा विशेषाधिकाराचा किंवा फाइलच्या खास गुणधर्माचा असतो. ‘चॅटर’ने अपरिवर्तनीय केलेली फाइल रूट या सर्वाधिकारी खात्यालाही लिहिता येत नाही, ती ‘एलएसॲटर’ने ओळखावी.

प्रोग्रॅमरने ही ज्यादा माहिती द्यावी, पण ती अपयशानंतर गोळा करावी आणि कर्नलच्या कारणापासून वेगळी ठेवावी. ‘नो सच फाइल’ आल्यावर वरच्या डिरेक्टऱ्या एकेक करून तपासून ‘“/सर्व्हर/डेटा/२०२४” ही डिरेक्टरी अस्तित्वात नाही’ अशी दुसरी ओळ देणे फारसे अवघड नाही. उलट ॲक्सेस कॉलने आधी तपासून मग उघडण्याची पद्धत सोडून द्यावी. तपासणी आणि उघडणे यांच्या मध्ये परिस्थिती बदलू शकते, ही पद्धत सुरक्षिततेलाही घातक आहे, आणि उघडण्याचा निकाल तरीही तपासावाच लागतो. कारणाच्या जागी अंदाज लिहिणे तर मुळीच नको. ‘फाइल नाही’ असे ठोकून देणारा प्रोग्रॅम परवानगीच्या दोषालाही तेच म्हणतो आणि आपल्याला नसलेली फाइल शोधायला लावतो.

प्रश्न : आमच्या कारखान्यातील कामगार मराठी वाचतात. संदेश मराठीत दिले तर चालेल का? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : अवश्य द्यावेत. पडद्यावर काम, वस्तू आणि पुढे काय करावे हे मराठीत असावे. लॉगमध्ये मात्र कारणाचे मूळ नाव, म्हणजे ‘ईनोएंट’ (नो सच फाइल) किंवा ‘ईअ‍ॅक्सेस’ (परमिशन डिनाइड) असे संकेतनाम, अवश्य लिहावे, जीलिबसीच्या २.३२ आवृत्तीपासून स्ट्रएररनेम-एनपी हे फंक्शन ते देते. नुसता क्रमांक पुरत नाही, कारण ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लिनक्सवर सहसा १११ असतो आणि मॅकवर ६१. प्रोग्रॅमने भाषा ठरवणारे सेटलोकेल हे फंक्शन बोलावलेले नसेल, तर स्ट्रएरर इंग्रजीतच बोलतो.

वाक्य तुकड्यांतून जोडू नका. ‘उघडता’ नंतर ‘आली नाही’ की ‘आले नाही’, हे फाइल आहे की पोर्ट यावर ठरते, म्हणून प्रत्येक संदेशाचा साचा पूर्ण वाक्याचा असावा आणि त्यात फक्त नाव व कारण बाहेरून यावे.

प्रश्न : हे संदेश तपासायचे कसे? डिस्क भरण्याची किंवा केबल तुटण्याची वाट पाहणे शक्य नाही. – एक वाचक, वाशी

उत्तर : वाट पाहण्याची गरज नाही. लिनक्सवर ‘/डेव्ह/फुल’ नावाचे एक उपकरण आहे. त्यावर काहीही लिहिले की ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असे उत्तर येते. आपल्या प्रोग्रॅमचे आउटपुट तिकडे वळवून चालवा आणि तो अपयश कबूल करून शून्येतर निर्गम-संकेत (संपताना दिलेली अपयशाची खूण) देतो का, ते पाहा. अनेक प्रोग्रॅम काहीच न झाल्यासारखे शून्य देऊन परततात, आणि त्यांची एफक्लोजची तपासणी राहिली आहे हे तेथेच सिद्ध होते. ‘यूलिमिट’ला ‘एन’ पर्याय देऊन उघड्या फाइल्सची मर्यादा अगदी कमी केली की ‘टू मेनी ओपन फाइल्स’ हा प्रसंग उभा राहतो. परवानग्या काढून घेऊन तपासताना रूट म्हणून चालवू नका, कारण रूटला या नेहमीच्या परवानग्या सहसा अडवत नाहीत आणि चाचणी निरर्थक ठरते.

सर्वांत उपयोगी साधन म्हणजे प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल उघड करून दाखवणारे एस-ट्रेस. त्याच्या ‘इंजेक्ट’ पर्यायाने हव्या त्या कॉलला हवे ते अपयश देता येते, आणि कितव्या वेळी द्यायचे हेही ठरवता येते; म्हणजे पहिले ओपन यशस्वी, तिसरे ‘ईआयओ’ने (इनपुट-आउटपुट त्रुटीने) अयशस्वी, असा प्रसंग डिस्कला न दुखावता घडवता येतो. हल्ली फाइल उघडण्यासाठी लायब्ररी प्रत्यक्षात ओपनॲट हा कॉल करते, त्यामुळे तेच नाव द्यावे. संदेश वाचून आपल्या सहकाऱ्याला, कोड न दाखवता, काय बिघडले ते सांगायला सांगा. त्याला वस्तूचे नाव आणि कारण सांगता आले नाही, तर त्या ठिकाणचा संदेश पुन्हा लिहा आणि तीच चाचणी परत चालवा.